आधी माणूस, मग फोटो

चि. मेधास,


यंदाच्या हंगामात ऊसतोड कामगारांवर छायाचित्रमालिका करायचं तू ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. गाजलेले फोटो कसे निघतात आणि त्यासाठी लेन्स कोणती घ्यावी, असं तू विचारलं आहेस. लेन्स आहे तीच पुरे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं. असे फोटो नशिबानं मिळतात, असा समज सर्वत्र आहे. वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं फोटो निवडताना माझं मत याच्या उलट झालं. ज्याला माणसांची आस्था आहे आणि जो चिकाटीनं टिकून राहतो, त्यालाच ते मिळतात.

छायाचित्रकार डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो तू पाहिला आहेसच. १९३६ सालची गोष्ट. सरकारी खात्यासाठी ग्रामीण अमेरिकेतलं दारिद्र्य टिपायचं काम संपवून ती भर पावसात एकटीच गाडी चालवत घरी निघाली होती. कॅलिफोर्नियात निपोमोजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली, पण ती थांबली नाही. मन मात्र थाऱ्यावर राहिना. वीसेक मैल पुढे गेल्यावर तिनं गाडी वळवली. थंडीनं पीक गेलं होतं आणि मजुरांची उपासमार चालली होती.

तिथले तिचे सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघ. आधीच्या फोटोंत ती लांब आहे. तंबू, सामान, पोरं असं सगळंच दिसतं. मग ती जवळ जात राहते. शेवटच्या फोटोत आईचा हात गालाशी आहे, तान्हं मूल मांडीवर आहे आणि दोन्ही खांद्यांवर दोन मुलं तोंड फिरवून टेकली आहेत. त्या दोघांचे चेहरे दिसतच नाहीत, म्हणून आपली नजर आईच्या कपाळावरच्या आठ्यांवर खिळते. तेव्हा पहिल्या फोटोवर कधी समाधान मानू नकोस. पुढे हो, आणि चौकटीतून काय काढून टाकायचं ते दर पावलाला ठरव.

या फोटोची दुसरी बाजूही विसरू नकोस. तो छापून आल्यावर तळावर सरकारी धान्य पोचलं, पण तोवर ती बाई मुलाबाळांसह पुढे गेली होती. लँगनं तिचं नावही विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं ते १९७८मध्ये. आपल्याला या फोटोतून एक पैसाही मिळाला नाही, अशी तिची खंत होती. गाडीचे टायर विकून त्या कुटुंबानं अन्न आणलं, असं लँगनं लिहिलं होतं. कुटुंबानं ते नाकारलं. फोटो अजरामर झाला, पण ज्यांचा होता त्यांच्या मनात सल राहिला. म्हणून कॅमेऱ्याबरोबर वही ठेव. नाव, गाव आणि जे सांगितलं ते सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिही. फोटोओळ चुकली तर फोटोही खोटा पडतो.

लँग त्या तळावर जेमतेम दहा मिनिटं होती. बहुतेकांना यापेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. छायाचित्रकार मेरी एलन मार्कला मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीचे फोटो काढायचे होते. १९६८पासून दर खेपेला तिला तिथून हुसकावून लावत. बायका अंगावर पाणी आणि कचरा फेकत. १९७८च्या ऑक्टोबरात ती पुन्हा आली आणि रोज जात राहिली. हळूहळू बायकांनाच तिच्याविषयी कुतूहल वाटू लागलं आणि घरांची दारं उघडली. १९८१मध्ये निघालेल्या तिच्या पुस्तकातली जवळीक अशी कमावलेली आहे.

छायाचित्रकार युजीन स्मिथही असाच राहिला. तो १९७१मध्ये जपानच्या मिनामाताला गेला. चिस्सो कंपनीनं समुद्रात सोडलेल्या पाऱ्यानं तिथली माणसं मासे खाऊन पंगू झाली होती. तो आणि त्याची पत्नी आयलीन तिथे घर भाड्यानं घेऊन तीन वर्षं राहिले. जन्मतःच पंगू झालेल्या तोमोकोला तिची आई न्हाऊ घालते आहे, हा त्याचा जगप्रसिद्ध फोटो आईच्या संमतीनं काढलेला आहे. तोमोको पुढे वारली. तिला आता शांतता लाभू दे, असं आईवडिलांना वाटू लागलं, तेव्हा १९९८मध्ये आयलीननं त्या फोटोचं नवं प्रकाशन थांबवलं. फोटो जितका काढणाऱ्याचा असतो, तितकाच तो फोटोतल्या माणसाचाही असतो, हे मान्य करायला मोठं मन लागतं.

दूर कशाला, अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे बघ. मुंबईच्या सफाई कामगारांचं जिणं त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं. लोक ज्या कामाकडे नाक मुरडून पाठ फिरवत, तेच त्यांनी समोर आणलं.

आता तुझ्या कामाचं सांगतो. टोळी फडावर उतरली की मुकादमाच्या मागे मागे फिरू नकोस. पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीतच राहू दे. बायका अंधारात उठून चूल पेटवतात, भाकऱ्या थापतात, मग फडात जातात; त्या वेळी तू त्यांच्या कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, हजर हवीस. मोळी डोक्यावर घेतलेली बाई सगळेच टिपतात. आगाऊ घेतलेली उचल फिटली की नाही याचा हिशेब करणारं जोडपं, कोपीत मागे राहिलेलं पोर, दुखणं अंगावर काढणारी म्हातारी हे बघायला राहावं लागतं. कोणी नको म्हणालं तर कॅमेरा खाली घे. कोणाला लाजिरवाणं वाटेल असा फोटो कितीही चांगला आला तरी बाजूला ठेव.

आणि हंगाम संपल्यावर त्यांच्या गावी जा. त्यांचे फोटो छापून त्यांच्या हातात दे, काय वाटतं ते विचार, आणि त्यांनी नाकारलेला एकही फोटो प्रदर्शनात लावू नकोस. एवढं पाळलंस तर फोटो गाजो न गाजो, तुझं काम खरं ठरेल.

तुझा,
मामा