कोमट उंदराचा हिशोब

मेलेला उंदीर गरम करायची एक ठरलेली पद्धत आहे. आदल्या रात्री तो फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात काढायचा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा. पाणी उकळतं नको. मायक्रोवेव्ह तर नकोच, कारण तो आतून शिजतो किंवा फुटतो. मग पुसून कोरडा करायचा आणि लांब चिमट्यात धरून सापासमोर हलवायचा. अजगरकुळातल्या बऱ्याच सापांच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात. गार उंदराकडे ते ढुंकूनही बघत नाहीत, उबदार उंदरावर झेप घेतात.

नाशिकमधला माझा एक मित्र दर दोन आठवड्यांनी हे करतो. नाग, धामण किंवा आपला अजगर घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्याच्याकडे आहे तो पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन, रीतसर नोंदणी केलेला. आता त्याला दुसरा घ्यायचाय आणि तो मला विचारतोय, "निम्मे पैसे टाकतोस का?"

त्याचं म्हणणं असं, की जिवंत उंदीर सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ते खरंच आहे. बंद पेटीत उंदराला पळायला जागा नसते, आणि जिवावर बेतलं की तो सापालाही चावतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं गुन्हा आहे.

मी अडतो तो 'केवळ करमणुकीसाठी' या शब्दांपाशी. उंदीर आधीच मारून गोठवला, तर त्याच्या वेदना कमी होतात. पण तो कशासाठी मेला, हा प्रश्न तसाच राहतो.

लासलगावकडच्या एखाद्या कांदाचाळीत धामण उंदीर गिळते, तेव्हा दोष कुणाचाच नसतो. उंदराला पळायची संधी असते, धामणीला भूक असते. पेटीच्या बाबतीत मात्र तिसरा कुणीतरी हजर असतो. सापाला स्वतः शिकार करता येत नाही ती त्याच्यामुळे, आणि उंदीर जन्माला घातला जातो तोही त्याच्यासाठी.

परळच्या हाफकिन संस्थेत ठेवलेले विषारी सापही उंदीरच खातात. पण त्यांच्या विषापासून, घोड्यांमार्फत, सर्पदंशावरची लस बनते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. तिथल्या उंदराच्या मरणाला निदान एक उत्तर आहे. मित्राचं उत्तर आहे, "मला साप आवडतो."

यावर तो म्हणतो, "तू चिकन खातोस, ते कशासाठी?" आवडतं म्हणूनच. त्यामुळे हा प्रश्न माझ्या ताटालाही लागू आहे, आणि त्याला क्रूर म्हणायचा अधिकार मला नाही. पण ताटातलं चिकन मला उद्या सोडता येईल. पाळलेला कुत्राही वेळप्रसंगी दहीभातावर निभावून नेतो. सापाला तशी तडजोड जमत नाही. नागपंचमीला नागाला दूध पाजायची प्रथा होती. दूध हे त्याचं अन्नच नाही. आपल्याला झेपेल असा साप आपण कल्पून घेतला होता. कोमट उंदीर देणारा त्याबाबतीत जास्त प्रामाणिक, साप जसा आहे तसा तो मान्य करतो.

मग मला दोन वेगळे प्रश्न दिसतात. जो साप आधीच घरात आहे, त्याला गोदाकाठी सोडून देता येत नाही; ते त्याच्यासाठीही वाईट आणि इथल्या प्राण्यांसाठीही. त्याला नीट गरम केलेला उंदीर देणं हे कर्तव्यच आहे. पण नवा साप घेणं ही निव्वळ निवड आहे. बॉल पायथन पाळल्यावर २० वर्षांहून जास्त जगू शकतो. दोन आठवड्यांना एक उंदीर धरला, तर ५०० हून जास्त उंदीर होतात. साप घेतला त्याच दिवशी ते सगळे आपण विकत घेतलेले असतात.

मित्राला मी सांगितलंय, दिवाळीत तू गावी गेलास की तुझ्या सापाचा उंदीर मी गरम करीन. दुसऱ्या सापासाठी मात्र पैसे देणार नाही.