बर्फाचे तलाव, हातांचे तलाव

साकोलीच्या एका शाळेत बाईंनी पाचवीच्या मुलांना सांगितलं, "परदेशातल्या एखाद्या राज्याची गमतीदार माहिती लिहून आणा." एका मुलीनं अमेरिकेतलं मिनेसोटा निवडलं आणि रात्री आजाला वाचून दाखवलं.

"आजा, तिथं गाड्यांच्या पाट्यांवर 'दहा हजार तलाव' असं लिहितात. मोजले तेव्हा मोठे तलावच ११,८४२ भरले! तिथल्या इतास्का तलावातून मिसिसिपी नदी निघते. सुरुवातीला ती इतकी लहान, की मुलं दगडांवरून ओलांडतात. तलावात रानभात उगवतो, तो लोक होडीत बसून काठीनं झोडतात."

"आपल्या तलावात देवधान येते, तसा," आजा म्हणाला. "पन एवढे तलाव खोदले कोनं?"

"कोणीच नाही. हजारो वर्षांपूर्वी बर्फाचे थर सरकले, जमीन खरवडली गेली आणि खड्ड्यांत पाणी साचलं."

"मंग आपला तलाव कोन्या बर्फानं खोदला?"

मुलीला उत्तर देता आलं नाही. सकाळी आजानं तिला तलावाच्या पाळीवर नेलं.

"इथं बर्फ नाही, मानसं राबली. गोंड राजाच्या काळात जो तलाव बांधे, त्याले खालची जमीन भेटे. कोहळी समाजाच्या लोकायनं उतार पाहून मातीची पाळ घातली. हे तुडुम, पानी सोडाचं दार. रोवणी झाल्यावर पानी दडी मारते, तेव्हा हे उघडलं की धान वाचते. ती सलंग. तलाव भरला की जास्तीचं पानी तिच्यातून खालच्या तलावात जाते."

"पण आता अर्धा तलाव बेशरमच्या झुडपांनी भरलाय," मुलगी म्हणाली.

आजाचा आवाज जड झाला. "१९५१मध्ये मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी गेली, तलाव सरकारचे झाले. दरवर्षी गाळ काढाची जबाबदारी आपली, हे गाव विसरून गेलं."

मुलीनं वर्गात मिनेसोटाची माहिती वाचली आणि तिच्याखाली गावच्या तलावाचीही. मग म्हणाली, "हा तलाव माणसांनी केला, तर साफही माणसांनीच करायला हवा."

उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा मुलं, पालक, बाई तलावात उतरले. पहिल्या दिवशी मुलांनी उपटलेलं बेशरम काठावरच टाकलं. आजानं ते उचलायला लावलं. "याची कांडी ओलीत पडली की पुन्हा रुजते. दूर नेऊन वाळवा. आणि पुढच्या वर्षीही या, कारण ते पुन्हा येईलच."

पुढच्या उन्हाळ्यात सगळे पुन्हा आले. यंदा गाळ काढायला कुदळ-फावडी घेऊन मोठी माणसं जास्त होती.

तात्पर्य : पूर्वजांनी हातांनी उभं केलेलं प्रत्येक पिढीला आपल्या हातांनी राखावं लागतं.