क्षेत्र, भूमी आणि गावाची अनुमती

विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावे, असा विधी आहे. यजमान सार्वभौम राजा असेल तर या सर्वस्वात पृथ्वीही येते काय, असा प्रश्न जैमिनीच्या पूर्वमीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात उपस्थित झाला आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे देण्यात आले आहे. शबरस्वामी आपल्या भाष्यात याचे कारण देतात ते असे की, माणसे आपापल्या क्षेत्राची, म्हणजे शेताची, मालक असलेली दिसतात, परंतु समग्र भूमीचा मालक असलेला कोणी दिसत नाही. भूमीशी सर्वांचा संबंध सारखाच असतो, आणि राजाला पिकाचा जो हिस्सा मिळतो तो रक्षणाचा मोबदला असतो, भूमीच्या मालकीचे फळ नसते. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथात हाच निर्णय जिंकलेल्या मुलखाला लावला: जेत्याला पराभूत राजाची स्वतःची घरे, शेते आणि द्रव्य मिळते, परंतु उरलेल्या मुलखावर पराभूताला केवळ करवसुलीचा अधिकार असल्यामुळे जेत्यालाही तेवढाच अधिकार प्राप्त होतो. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांनी या ग्रंथाला प्रमाण मानले, पण ते मुख्यतः वारसा आणि वाटणीच्या दाव्यांपुरते. भूमीविषयीचा त्याचा हा विचार सरकारी दप्तरापर्यंत फारसा पोचल्याचे दिसत नाही.

यज्ञशाळेतला हा वाद कालबाह्य वाटण्याचा संभव आहे, परंतु जमिनीच्या झोनबदलाच्या प्रत्येक अर्जामागे तो नव्या वेषात उभा असतो. प्रादेशिक आराखडा, म्हणजे एखाद्या प्रदेशातील कोणती जमीन कशासाठी वापरावी हे नकाशावर ठरवून देणारा कायदेशीर दस्तऐवज, प्रत्येक सर्व्हे क्रमांकाला शेती, बागायत, नैसर्गिक आच्छादन किंवा वसाहत असा एखादा झोन नेमून देतो. शेतीच्या झोनमधली जमीन वसाहतीच्या झोनमध्ये घालताना शासन नेमके काय देत असते? जमीन तर अर्जदाराचीच असते. म्हणून त्याच्या मूळ हक्कावरचा अडसर फक्त दूर केला जातो, असे एक उत्तर संभवते. वापर बदलण्याची मुभा ही शासनाच्या मालकीची वस्तू असून ते ती शुल्क घेऊन देते, असे दुसरे उत्तर संभवते. मीमांसकांच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरे चुकीची ठरतील. क्षेत्र पिकवणे, गहाण ठेवणे, मुलांत वाटणे ही कामे क्षेत्राच्या मालकाच्या कक्षेत येतात. परंतु डोंगर कापून सपाट करणे किंवा भातखाचर भरावाखाली कायमचे गाडणे ही क्षेत्राच्या सीमेत न मावणारी कृती आहे, तिचा परिणाम शबरांनी जिला भूमी म्हटले तिच्यावर होतो, आणि त्या भूमीचे दान राजालाही करता येत नाही.

गोव्याइतके या प्रश्नाचे स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. तेथील ‘प्रादेशिक आराखडा २०११’ जनआंदोलनानंतर २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला आणि त्यानंतरचा ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ तयार करताना गावांकडून सूचना मागवण्यात आल्या. या आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगत झोन सुधारण्यासाठी २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालण्यात आले. जमीनमालकाने अर्ज करावा, आपल्या जमिनीचा झोन चुकीचा पडला आहे असे म्हणावे आणि छाननीनंतर तो दुरुस्त व्हावा, अशी ही वाट होती. तिच्यावर लोकांकडून हरकती मागवण्याची तरतूद नव्हती, कारण चुकीच्या दुरुस्तीला हरकत कसली, अशी त्यामागची भूमिका दिसते. पुढे आलेल्या कलम ३९अ मध्ये झोनबदलाआधी सूचना प्रसिद्ध करून ३० दिवसांत हरकती मागवण्याची सोय आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खाली केलेले नियम रद्दबातल ठरवले. कायद्याचा कीस पाडणे हे येथील प्रयोजन नाही; लक्षात घेण्याजोगे आहे ते १७(२) मागचे गृहीतक, ज्यानुसार झोन ही मालक आणि शासन या दोघांमधलीच बाब ठरते. सातबाऱ्यावर किंवा गोव्यातल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चुकीचे लागले तर ती चूक दुरुस्त करून मागणे योग्यच आहे, कारण नाव मालकाचे असते. झोन मात्र मालकाचा नसतो, तो आराखड्याचा असतो, आणि आराखडा गावाच्या वतीने केलेला असतो. त्यामुळे तो चुकला आहे हे सांगण्याचा अधिकारही एकट्या मालकाकडे जात नाही.

गावाच्या या अधिकाराचे स्वरूप काय, याविषयी दोन जुन्या भूमिका एकमेकींसमोर ठेवता येतात. पहिली विज्ञानेश्वरांची. कल्याणीच्या चालुक्य राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या ‘मिताक्षरा’ टीकेत त्यांनी एका जुन्या वचनाचा विचार केला आहे. जमीन दुसऱ्याकडे जाते ती सहा गोष्टींनी, असे ते वचन सांगते: आपले गाव, ज्ञाती, सामंत म्हणजे शेजारचे जमीनधारक, आणि दायाद म्हणजे वारसा हक्काचे भागीदार, या चौघांची अनुमती, शिवाय सोने आणि उदक. विज्ञानेश्वरांनी यातल्या एकेका अटीचे प्रयोजन वेगळे काढले आहे. गावाची अनुमती व्यवहार उजेडात यावा म्हणून घ्यायची. ती नसली म्हणून व्यवहार असिद्ध होत नाही. सामंतांची अनुमती सीमेचा तंटा होऊ नये म्हणून घ्यायची. सोने आणि उदक यांचे कारण तर फारच मार्मिक आहे: स्थावराची विक्री शास्त्राला मान्य नाही आणि दान मात्र प्रशस्त मानले आहे, म्हणून विक्री करायची असली तरी हातावर पाणी सोडून आणि सोने ठेवून तिला दानाचे रूप द्यावे, असे ते सांगतात. विक्री अटळ आहे हे मान्य करून निषेधाचीही बूज राखणारा हा तोडगा आजच्या मुद्रांक कार्यालयातल्या बक्षीसपत्रांची आठवण करून देतो.

दुसरी भूमिका गोव्याच्याच मातीतली आहे. १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया याने तिसवाडीतील गावांच्या चालत आलेल्या रूढी ‘फोरल’ नावाच्या सनदेत नोंदवल्या. गाव वसवणाऱ्या मूळ कुळांच्या वंशजांना गांवकार म्हणतात आणि गावची जमीन त्यांच्या संस्थेच्या सामाईक ताब्यात असते. या संस्थेला आज कोमुनिदाद म्हणतात. गावातील वडिलार्जित जमीन कोणाही गांवकाराने किंवा इतराने सर्व गांवकारांच्या परवानगीवाचून विकू नये, असा नियम या सनदेत आहे. विज्ञानेश्वरांच्या मते गाव साक्षीदार आहे. फोरलच्या मते गाव संमतिदार आहे. आजची हरकतींची सुनावणी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लटकलेली आहे. वृत्तपत्रात जाहीर सूचना येते, मुदत ठरते, हरकती दाखल होतात, त्या ऐकून घेतल्या जातात आणि नंतर त्या मान्य झाल्या की नाही हे नियोजन खाते ठरवते. ग्रामसभेने एकमताने विरोधाचा ठराव केला तरी झोनबदल त्याने आपोआप अडत नाही. बारकाईने पाहिले तर ही विज्ञानेश्वरी व्यवस्था आहे, कारण तिच्यातून व्यवहार उजेडात येण्यापलीकडे गावाच्या हाती फारसे काही येत नाही.

यावर विज्ञानेश्वरांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल, कारण त्यांच्यापुढचा प्रश्न हस्तांतरणाचा होता. शेत एका हातातून दुसऱ्या हातात गेले तरी ते शेतच राहत असे, आणि अशा बदलाला गावाने केवळ साक्षी राहावे हे पुरेसे होते. वापराच्या कायम बदलाची कल्पनाच त्या चर्चेत नाही. म्हणून झोनबदलाच्या प्रसंगी त्यांची गावाविषयीची अट न लावता सामंतांविषयीची लावणे अधिक सयुक्तिक ठरेल, कारण तिचे प्रयोजन शेजाऱ्याला पोचणारी झळ टाळणे हे आहे. गोव्यातल्या खाजनांचे उदाहरण घ्यावे. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली सखल जमीन. बांधात ठिकठिकाणी मानस नावाची लाकडी दारे असतात; भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. या दारापाशी मासळी पकडण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. अशा खाजनात एकाने आपल्या तुकड्यात भराव टाकला तर पावसाचे पाणी मानशीपर्यंत पोचायची वाट अडते आणि ते शेजारच्या खाचरात तुंबते. बांधाची डागडुजी थांबली तर एका भगदाडातून आलेले खारे पाणी संपूर्ण खाजनाची भातशेती नासवते. येथे सीमा मोजणीच्या दगडाने ठरत नाही, पाण्याने ठरते, आणि ज्यांच्यापर्यंत ते पाणी पोचते ते सगळे सामंत ठरतात.

गावाच्या संमतीचा पक्ष घेताना एक अडचण डोळ्यांआड करता येत नाही. फोरलमधले ‘सर्व गांवकार’ म्हणजे सर्व गावकरी नव्हेत. गांवकारी पुरुषांच्या वंशपरंपरेने चालत आली. दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा मुंडकार, नंतर येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आणि स्त्रिया यांना त्या संमतीत स्थान नव्हते. महाराष्ट्रातल्या गावगाड्याचा इतिहास याहून उदार नाही. घरापुरती जागा मागणाऱ्याला जुन्या गावाची सामुदायिक मालकी ही अनेकदा बंद दारासारखी भासली असणार, आणि गावाला नकाराधिकार द्यावा असे म्हणणाऱ्याने या दारातून आत कोणाला घेतले जाईल हेही सांगितले पाहिजे. शबरांच्या युक्तिवादाचे मोठेपण इथे दिसते: भूमी कोणत्या गटाच्या सामाईक मालकीची आहे असे ते म्हणत नाहीत, तिच्या बाबतीत कोणीच विशेष नाही असे म्हणतात. गांवकारही विशेष नाही.

जमिनीच्या तुकड्यांचा प्रश्न महाराष्ट्रात याच अंगाने पाहावा लागतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे किफायतशीर शेतीसाठी ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकड्याच्या व्यवहारावर बंदी घातली. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे करण्यात आली. तरीही शहराच्या कडेने गुंठा-दोन गुंठ्यांचे भूखंड विकले जातच राहिले. खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवून किंवा नोटरीच्या कागदावर व्यवहार उरकला गेला, २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, आणि अलीकडे तर बंदीच सैल करण्याकडे शासनाचा कल आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्येच लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या निबंधात दाखवून दिले होते की, शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही, त्यावर लावलेल्या भांडवल आणि श्रमाच्या प्रमाणावरून ठरते, आणि जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगांनी हलका केल्याशिवाय तुकडे थांबणार नाहीत. हा निबंध समोर असता, कायद्याने तुकड्याचे माप ठरवून आजार बरा होईल अशी अपेक्षा का धरली गेली, याचे आश्चर्य वाटते. गुंठा विकत घेणारा बहुतेकदा शहरात परवडणारे घर न मिळालेला माणूस असतो. त्याला बेकायदा ठरवणारा आणि त्याच पट्ट्यात शेकडो एकरांचा झोनबदल रीतसर मंजूर करणारा न्याय शबरांच्या ‘अविशेष’ या कसोटीला उतरत नाही.

राहतो तो अजून न जन्मलेल्यांचा प्रश्न. मिताक्षरेच्या दायविभागात विज्ञानेश्वर एक वचन आधाराला घेतात: जन्मलेले, न जन्मलेले आणि गर्भात असलेले, सगळेच उपजीविकेची अपेक्षा धरून असतात, म्हणून सर्व पुत्रांच्या संमतीवाचून स्थावराचे दान किंवा विक्री होऊ नये. कोणत्याही सुनावणीत ज्याची हरकत दाखल होऊ शकत नाही, त्याचा हितसंबंध या वचनाने हिशेबात धरला आहे. अर्थात तो कुटुंबापुरता, आणि पुत्रांपुरता. त्यापुढे लगेच अपवाद येतो: आपत्काळी, कुटुंबासाठी किंवा धर्मकार्यासाठी एकट्यालाही जमीन विकता येते. हा अपवाद संकटात सापडलेल्या विक्रेत्यासाठी आहे. आजच्या व्यवहारात आजारपण, लग्न किंवा कर्ज यांपायी शेत विकणारा शेतीच्या भावाने विकतो, आणि झोनबदलाचा अर्ज बहुधा त्यानंतर खरेदीदाराच्या नावाने येतो. आपत्ती एका घरात घडते आणि वाढलेली किंमत दुसऱ्या घरात पोचते. छाननीच्या वेळी रस्त्याची रुंदी, जमिनीचा उतार, पूररेषा आणि विहिरींचे अंतर तपासले जाते. जमीन कोणी, कधी आणि कोणत्या भावाने सोडली, हे पाहण्याचे काम त्या छाननीकडे सोपवलेले नाही, आणि दहा वर्षांपूर्वी ते शेत विकून तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत गेलेल्या माणसाला हरकतीची जाहीर सूचना वाचण्याचे कारणही उरलेले नसते.