गणिताची शर्यत आणि गणिताची गोडी

ज्ञानाच्या क्षेत्रांत स्पर्धा असावी कीं नसावी, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचें उत्तर देणारांचे दोन पक्षही तितकेच जुने आहेत. एक पक्ष म्हणतो, चुरशीवांचून बुद्धीला धार येत नाहीं. दुसरा म्हणतो, चुरशीनें मनें मात्र कलुषित होतात. शाळेंतील मुलांच्या गणितस्पर्धांविषयीं आज घरोघरीं जें बोललें जातें, तें बहुधा ह्या दोहोंपैकीं एका पक्षाचें असतें. परंतु एक गोष्ट विचारण्याचें दोन्ही पक्ष विसरतात. मूल झगडतें तें कोणाशीं? शेजारच्या बाकावरील मुलाशीं, कीं समोरच्या कोड्याशीं?

हा भेद केवळ शाब्दिक समजूं नये. आमच्या भंडारा जिल्ह्यांत, तुमसरपासून लाखांदूरपर्यंत, गणिताच्या जादा अभ्यासाची सर्वपरिचित वाट म्हणजे शिष्यवृत्ति परीक्षा. तिच्या ज्या प्रश्नपत्रिकेंत भाषा व गणित हे विषय येतात, तींत ९० मिनिटांत ७५ प्रश्न सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद. आतां आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड पहा. ती १९५९ सालीं रुमानियांत सुरू झाली. भारताचा संघ तींत प्रथम १९८९ सालीं उतरला, आणि १९९६ सालीं ती मुंबईंत भरली होती. तेथें दोन दिवस, रोज साडेचार तास व तीन प्रश्न. म्हणजे एका प्रश्नास ९० मिनिटें. जितक्या वेळांत एकीकडे ७५ वर्तुळें काळीं करावयाचीं, तितक्या वेळांत दुसरीकडे एकाच प्रश्नाची सिद्धता शोधावयाची. गुणही त्या सिद्धतेलाच मिळतात, आणि स्पर्धकांपैकीं जवळजवळ अर्ध्यांना कोणतें ना कोणतें पदक लाभतें. वयाचा फरक मी विसरलों नाहीं. दहा वर्षांच्या मुलास दीड तास एका प्रश्नापुढें बसवा, असा माझा आग्रह नाहीं. परंतु जें ७२ सेकंदांत सुटत नाहीं तें सोडून द्यावें, एवढेंच ज्याला लहानपणीं शिकविलें, त्याला पुढें थांबून विचार करणें जड गेलें तर नवल काय?

क्रमांकाच्या मोहाचें मोठें उदाहरण केंब्रिजचें. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, व महाराष्ट्रास त्यांचा योग्य अभिमान वाटला. परंतु त्या परीक्षेसाठीं विद्यार्थी खासगी शिकवणी लावून युक्त्या घोटीत, आणि हार्डींसारखे थोर गणितज्ञ त्या पद्धतीचे कडवे टीकाकार होते. उत्तीर्णांचीं नांवें गुणानुक्रमानें प्रसिद्ध करण्याची चाल विद्यापीठानें १९०९ नंतर बंद केली. पुढें ह्याच परांजप्यांच्या नांवाचें पारितोषिक, फर्ग्युसन कॉलेजांत शिकणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना १९२७ सालीं मिळालें. आणि तें गतीबद्दल नसून स्वतंत्र गणिती कार्याबद्दल होतें. कापरेकर नंतर देवळालीस शाळेंत शिक्षक झाले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, व येईल त्या उत्तरावर तीच क्रिया करीत जावें. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतात, हा त्यांचा शोध. त्यांचें जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९५१० मधून ०१५९ जातां ९३५१ उरतात, आणि सातव्या वजाबाकीस ६१७४ हातीं लागतात. वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही मुलाच्या आवांक्यांतला हा आनंद आहे.

खरा नैतिक प्रश्न ह्याच्याही पुढें आहे, आणि तो शिक्षकाच्या वेळेचा आहे. खेड्यांतील एखादी दोन शिक्षकांची शाळा डोळ्यांपुढें आणा. पटावर चाळीस मुलें. शाळा सुटल्यावर गुरुजींपाशीं एक तास आहे. तो यशाची आशा असलेल्या चौघांना द्यावा, कीं सर्वांना? चौघांना दिला तर शाळेच्या फलकावर नांवें झळकतील. परंतु बाकीच्यांना कोणीं न सांगतांच एक निकाल कळून चुकतो, कीं विचार करणें हें आपलें काम नव्हे. ह्यावर असा आक्षेप येईल, कीं हुशार मुलास सर्वांच्या पावलानें चालावयास लावणें हाही अन्यायच. हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. गरिबाच्या घरीं शिष्यवृत्तीचे चार पैसे किती मोलाचे असतात, हेंही मी जाणतों. पण एकाला द्यावयाचें म्हणजे दुसऱ्याच्या वांट्याचें काढलेंच पाहिजे, ही समजूत धनाविषयीं खरी असेल. चांगल्या प्रश्नाविषयीं ती खरी नाहीं. तो चाळीस मुलांत वांटला तरी कोणाचा वांटा कमी होत नाहीं. कापरेकरांच्या कोड्यांत मंदगति मूल चार वजाबाक्या करील, तीव्र बुद्धीचें मूल ‘हें असेंच कां होतें?’ म्हणून विचारील. आणि दोघेंही एकाच सतरंजीवर बसलेलीं असतील. आपल्याकडे धानाचे पऱ्हे तयार झाले म्हणजे रोवणी सबंध बांधीची होते; चार उंच काड्या निवडून बाकीचे पऱ्हे कोणी धुऱ्यावर टाकून देत नाहीं.

तेव्हां स्पर्धा बंद कराव्या, असें मी म्हणत नाहीं. आठवड्यांतून एक तास, फळ्यावर एक प्रश्न आणि तो सोडविण्यास आठ दिवसांची मुदत, एवढें प्रत्येक शाळेंत आधीं व्हावें. त्यांतून ज्यांना पुढें जावेंसें वाटेल, त्यांनीं खुशाल परीक्षांस बसावें. स्पर्धेची नीति विजेत्याकडे पाहून ठरवितां येत नाहीं. निकालाच्या दिवशीं हरलेलें मूल घरीं काय घेऊन येतें, तें पहावें. तें केवळ अपमान घेऊन आलें, तर कितीही बक्षिसें वांटलीं तरी त्या स्पर्धेला शिक्षण म्हणवत नाहीं. परंतु तें न सुटलेला प्रश्न घेऊन आलें, आणि रात्रीं जेवतां जेवतां तो बापाला समजावून सांगूं लागलें, तर त्याचें कांहीं बुडालें असें कोण म्हणेल?