जागेवरचा देव

चंद्रपूर आणि गडचिरोली हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्याचे दोन भाग होते, आणि त्या दिवशी आखलेली सीमा प्रशासनाच्या सोयीसाठी असली तरी तिच्या दोन्ही बाजूंचे लोकजीवन आधीपासूनच बरेच निराळे होते. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी आणि चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र यांनी शंभर-सव्वाशे वर्षांत बाहेरून माणसे आणून वसाहती उभ्या केल्या, तर वैनगंगा ओलांडून पूर्वेला गेल्यावर साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचे जंगल सुरू होते व ते इंद्रावतीपर्यंत जवळजवळ सलग जाते. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख, तर क्षेत्रफळाने त्याहून मोठ्या असलेल्या गडचिरोलीची जेमतेम पावणेअकरा लाख होती, आणि गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला सरासरी ७४ माणसे राहत होती. आता मात्र वाढीचा ओघ पूर्वेकडे वळला आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघू लागले असून चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे पोलादाचा उद्योग उभा राहत आहे. या वाढीची चर्चा रोजगार, महसूल, नक्षलवाद आणि पर्यावरण या चार अंगांनी भरपूर होते. परंतु तिच्या पोटात धर्मविषयक असा एक प्रश्न आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणी वळत नाही. देव एका जागेचा असू शकतो काय, आणि असेल तर ती जागा गेल्यावर त्याच्या भक्तांच्या धर्मस्वातंत्र्यातले नेमके काय उरते, असा तो प्रश्न आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदी परका वाटू नये. स्थानमाहात्म्याची कल्पना मराठी धर्मजीवनात खोल रुजलेली आहे, आणि चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या जागांची नोंद ठेवणारी ‘स्थानपोथी’ महानुभाव पंथाने जपून ठेवली ती याच भावनेपोटी. तरीही हिंदू कर्मकांडात देवाला हलविण्याची तरतूद पूर्वापार आहे, कारण प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व आणता येते आणि विधिपूर्वक ते काढूनही घेता येते. म्हणूनच धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांतील देव वाजतगाजत नव्या गावठाणात नेण्याचा प्रघात महाराष्ट्रात पडू शकला. विस्थापितांच्या दुःखाला अशा वेळी अंत नसतो, पण देव त्यांच्याबरोबर येतो. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत १९६० च्या दशकापासून वसविलेल्या, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचेही तसेच आहे. गावे, शेते, नद्या सारे मागे टाकून आलेल्या, बहुतांशी नामशूद्र समाजातील या कुटुंबांनी काली आणि दुर्गा यांची पूजा धानाच्या नव्या बांधांवर पुन्हा मांडली, आणि तिच्या खरेपणाविषयी त्यांच्या मनात शंका उरली नाही.

गोंड आणि माडिया समाजांच्या धर्मकल्पनेत मात्र दोन प्रकारचे देव शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांतील फरक लक्षात घेतल्याशिवाय सुरजागडचा प्रश्न उलगडत नाही. पहिला प्रकार कुळाच्या देवाचा. गोंडांची कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली असतात, एका गटातील सारे एकमेकांचे भाऊबंद मानले जातात, आणि म्हणून त्यांच्यात सोयरीक होत नाही. या कुळदेवाला, म्हणजे पर्सापेनला, चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांत चवरीचे आणि लोखंडी भाल्याच्या पात्याचे रूप दिलेले आढळते; हा देव झाडावर किंवा देवघरात ठेवतात, नदीवर नेऊन त्याला स्नान घालतात, आणि कूळ जाईल तिकडे तो जातो. दुसरा प्रकार गावाच्या भूमीचा, डोंगराचा, पाण्याच्या उगमाचा. त्याला मूर्ती असेलच असे नाही, बहुधा तो एखादा दगड, एखादे झाड किंवा आख्खा डोंगरच असतो, आणि गावाची शीव, शिकार, पेरणी व पहिल्या फळाचा मान या साऱ्यांवर त्याची सत्ता चालते. या सत्तेचा प्रत्यय पंडुम नावाच्या सणांत येतो. झाडाला आंबे लगडले, पोरांच्या तोंडाला पाणी सुटले, तरी गावाचा पंडुम होऊन देवाला नवे फळ वाहिले जात नाही तोवर घरात नवा आंबा खाल्ला जात नाही. मोहाच्या फुलांचा आणि नव्या धानाचाही असाच मान असतो. अशा देवाला उचलून दुसरीकडे नेणे याला त्या धर्मात अर्थच नाही, कारण त्याचे देवपण आणि त्या भूमीचे पिकणे या गोष्टी तिथे वेगळ्या कल्पिलेल्याच नाहीत.

सुरजागडच्या डोंगरावरील ठाकूरदेव हा या दुसऱ्या प्रकारचा देव आहे. सुमारे ७० गावांचा परंपरागत इलाखा त्याला मानतो आणि दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे यात्रा भरते. याच डोंगररांगेतील सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला मिळाला. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात माओवाद्यांनी खनिजाची वाहतूक करणारी सत्तराहून अधिक वाहने जाळली, आणि काही वर्षांच्या खंडानंतर २०२१ पासून काम पुन्हा जोमाने चालू झाले. २०२३ मध्ये वार्षिक उत्पादनाची मर्यादा ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. आदिवासींचा लोखंडालाच विरोध आहे, अशी जी समजूत अधूनमधून शहरी लिखाणात डोकावते तिला आधार नाही. ज्यांचा कुळदेव भाल्याच्या पात्यात वसतो त्यांना लोखंडाचे वावडे असण्याचे कारण नाही. शिवाय जुन्या चांदा जिल्ह्यात स्थानिक भट्ट्यांवर लोखंड गाळण्याची कला होती, आणि येथील लोहाऱ्याच्या खनिजाविषयी १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने जमशेटजी टाटांना पोलादाच्या कारखान्याचे वेड लावले, ही गोष्ट उद्योगाच्या इतिहासात नोंदलेली आहे. आक्षेप धातूला नसून शिखर कापण्याला आहे.

आधुनिक कायद्याला हा आक्षेप समजून घेणे अवघड जाते, कारण धर्मस्वातंत्र्याची त्याची कल्पना माणसाच्या सदसद्विवेकाभोवती रचलेली आहे; श्रद्धा मनात असते आणि मन माणसाबरोबर फिरते, हे त्याचे गृहीतक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८८ मध्ये आलेला एक खटला या गृहीतकाचे टोक दाखवितो. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडील किनाऱ्यालगतच्या डोंगरांत, डेल नॉर्ट काउंटीच्या परिसरात (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा), वनखात्याला एक रस्ता पूर्ण करायचा होता आणि तो युरोक, कारुक व तोलोवा या मूळनिवासी समाजांच्या साधनेच्या जागांमधून जाणार होता. रस्त्याने त्या समाजांच्या उपासनेची अपरिमित हानी होऊ शकते हे न्यायालयाने नाकारले नाही. मात्र सरकार कोणाला श्रद्धा सोडण्यास भाग पाडत नाही आणि जमीन सरकारच्या मालकीची आहे, म्हणून धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाही, असा निर्वाळा बहुमताने दिला. (पुढे त्या प्रदेशाला कायद्याने संरक्षण मिळाल्यामुळे रस्ता पुरा झाला नाही, हा भाग वेगळा.) भारतात १९९४ च्या इस्माईल फारूकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच वळणाचा विचार मांडला, आणि नमाज कुठेही अदा करता येतो या आधारावर प्रार्थनास्थळ सरकारला संपादित करता येते असे म्हटले, तथापि एखाद्या जागेलाच त्या धर्मात असे विशेष महत्त्व असेल की ती गेल्याने उपासनेचा हक्कच संपेल, तर गोष्ट वेगळी, असा अपवादही त्याच निकालाने ठेवला. ठाकूरदेवाचा डोंगर या अपवादात जितका नेमका बसतो तितकी दुसरी उदाहरणे थोडीच सापडतील. २०१३ च्या नियमगिरी निकालात न्यायालय आणखी पुढे गेले. ओडिशातील डोंगरिया कोंध ज्या डोंगराला नियमराजाचे स्थान मानतात तिथे बॉक्साइट काढावे की नाही हे ठरविताना त्यांचे धार्मिक हक्क ग्रामसभांनी विचारात घ्यावेत, असा आदेश झाला, आणि निवडलेल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली.

डोंगर देव आहे की नाही, याचा निर्णय सभेत कसा होऊ शकतो, हा येथे उरणारा तात्त्विक पेच. बहुमताने सरपंच निवडता येतो. देव आहे की नाही हे बहुमताने ठरविणे हास्यास्पद होईल. या पेचावर गडचिरोलीतच एक वाट दिसते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीची पद्धत गेली काही दशके चालविली आहे, जिच्यात एकाचाही ठाम नकार असेल तर निर्णय थांबतो आणि चर्चा पुढच्या बैठकीपर्यंत चालू राहते. याच गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा सभेत श्रद्धेचा खरेखोटेपणा मतांना टाकावा लागत नाही, ज्याला ती जागा सोडता येत नाही त्याचा नकार पुरेसा ठरतो. ही पद्धत सत्तर गावांच्या इलाख्याला, जिथे काही तरुणांना खाणीत काम हवे आहे आणि काहींना खाणच नको आहे, किती पेलेल याविषयी साशंक राहण्यास जागा आहे.

जागेवरच्या देवाची बाजू घेताना आणखी एक गोष्ट विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला दीक्षा सोहळा घेतला, आणि त्या दिवशी हजारोंनी गावदेवांच्या त्या व्यवस्थेचा त्याग केला जिने त्यांची जागा वेशीबाहेर ठरवून दिली होती. त्यांच्या दृष्टीने जागेला बांधलेला देव म्हणजे जागेला बांधलेली माणसे, आणि विवेकाने निवडलेला, कुठेही नेता येणारा धम्म म्हणजे सुटका. आंबेडकरांचा हा युक्तिवाद माडियांच्या डोंगराला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण ठाकूरदेवाच्या भक्तांना त्यांच्या देवाने वेशीबाहेर ठेवलेले नाही. परंतु स्थानाचे पावित्र्य हे आपोआप न्याय्य असते या भाबड्या कल्पनेला तो कायमचा आळा घालतो. म्हणून कोणत्याही देवस्थानाच्या बाबतीत विचारावयाचे ते हे की, तिथल्या माणसांना ती जागा कोणते स्थान देते आणि ती गेल्यावर त्यांच्याजवळ काय राहते. सुरजागडच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इलाख्याच्या बाजूने जातात, असे म्हणावे लागते.

कायद्याची चौकट मात्र हे प्रश्न विचारण्याइतकी अजून रुंद झालेली नाही. वनहक्क कायदा अमलात आला ३१ डिसेंबर २००७ रोजी, म्हणजे खाणपट्ट्याच्या निर्णयानंतर. आणि अनुसूचित क्षेत्रांतील गावांना स्वशासन देणारा, पेसा या नावाने ओळखला जाणारा १९९६ चा कायदा खाणपट्ट्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घेणे बंधनकारक करतो ते केवळ गौण खनिजांसाठी. त्यामुळे एटापल्लीच्या एखाद्या नाल्यातील रेतीचा किंवा टेकडीवरील मुरमाचा पट्टा द्यायचा असेल तर त्या कायद्याने गावाचे मत आधी घ्यावे लागते, आणि ज्या लोहखनिजावर ठाकूरदेव बसलेला आहे ते गौण खनिजांत मोडत नाही.