आभाळाची वाटणी

१९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने जगातल्या हरितगृह वायूंचा ताळेबंद मांडला आणि सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताला नेऊन बसवलं. तेव्हा आपल्याकडे निम्म्याहून अधिक घरांत विजेचा दिवा नव्हता. तरी नाव अमेरिकेच्या पंगतीत! कारण विचारलं तर बोट दाखवलं जात होतं भाताच्या खाचरांकडे, गुरांच्या गोठ्यांकडे आणि जंगलतोडीच्या अंदाजांकडे.

पुढच्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एक छोटी पुस्तिका काढून या ताळेबंदाची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा एवढा साधा होता की तो आधी कुणी मांडला कसा नाही, याचंच नवल वाटतं. समुद्र आणि जंगलं मिळून दरवर्षी बराचसा कार्बन जिरवतात. ही जिरवण्याची ताकद कुणाच्या मालकीची? वॉशिंग्टनच्या हिशेबात ती ज्याच्या त्याच्या धुराच्या प्रमाणात वाटलेली होती, म्हणजे ज्याने जास्त धूर सोडला त्याला सवलतही जास्त. अग्रवाल आणि नारायण म्हणाले, आभाळ माणशी वाटा. तसं वाटलं की भारत देणेकरी राहत नाही, उलट त्याचंच येणं निघतं. त्यांनी आणखी एक रेघ ओढली. पोटासाठी होणारं उत्सर्जन वेगळं आणि चैनीसाठी होणारं वेगळं. खाचरातला मिथेन आणि मोटारीचा धूर एका तागडीत घालता येणार नाही.

या मिथेनची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. अमेरिकी पर्यावरण खात्याच्या अंदाजानुसार भारतातल्या भातशेतीतून वर्षाला ३.८ कोटी टनांच्या आसपास मिथेन निघत होता. हा आकडा आला कुठून, तर बाहेरच्या देशांतल्या शेतांवरची मोजमापं घेऊन ती आपल्या एकूण भातक्षेत्राला लावण्यातून. तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशभरच्या शेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली. उभ्या भातावर पारदर्शक पेटी पालथी घालायची, ठरावीक वेळाने सिरिंजने आतली हवा ओढायची आणि प्रयोगशाळेत तिच्यातला मिथेन मोजायचा. शेतात पाणी सतत तुंबून राहिलं की मुळांपाशी प्राणवायू संपतो आणि मिथेन तयार होतो. पण आपल्याकडे कितीतरी भात पावसाच्या भरवशावर असतो. पावसाने उघडीप दिली की खाचर सुकतं, जमीन श्वास घेते, आणि मिथेन घटतो. मोजणीतून आलेला आकडा होता चाळीस लाख टनांच्या आसपास, अंदाजाच्या जवळपास एक दशांश. पुढे वाटाघाटींच्या टेबलावर भारताचा आवाज चढला त्यात या पेट्यांचाही वाटा होता, असं मी मानतो. नुसत्या नैतिक दाव्याला तिथे कुणी भीक घालत नाही.

तसं पाहिलं तर सूर आधीच लागलेला होता. १४ जून १९७२ रोजी स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबी आणि प्रदूषण यांचा संबंध जोडला. गरिबी हेच सर्वांत मोठं प्रदूषण नव्हे काय, अशा अर्थाचा तो प्रश्न होता. पुढे त्यातलं प्रश्नचिन्ह गळलं आणि घोषणा तेवढी उरली. पण तेव्हा चर्चा हवामानबदलाची नव्हती. आभाळातल्या हिश्श्याची भाषा आली ती नव्वदच्या दशकात. रिओ कराराच्या वाटाघाटींत चंद्रशेखर दासगुप्ता यांच्यासारख्या मुत्सद्द्यांनी माणशी उत्सर्जनाचं तत्त्व मसुद्यात आणण्याचा आटोकाट प्रयत्न केला. १९९२ च्या करारात ते कलम म्हणून आलं नाही. प्रस्तावनेत, विकसनशील देशांचं दरडोई उत्सर्जन अजून तुलनेने कमी आहे, एवढी नोंद झाली, आणि ‘समान पण वेगवेगळ्या जबाबदाऱ्या’ हे सूत्र मिळालं. अमेरिकेला तेही जड गेलं. १९९७ मध्ये क्योटोच्या हवामान कराराआधी तिथल्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठरावच केला की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आपणही सही करू नये.

या युक्तिवादाचा कळस गाठला गेला जून २००७ मध्ये, जर्मनीतल्या हायलिगेनडामच्या शिखर परिषदेत. भारताचं दरडोई उत्सर्जन विकसित देशांच्या दरडोई उत्सर्जनापुढे कधीही जाणार नाही, असं वचन मनमोहन सिंग यांनी दिलं. अर्थतज्ज्ञाला शोभेल असाच डाव होता तो. मर्यादा तुमची तुम्हीच ठरवा. तुम्ही जेवढे खाली याल तेवढी आमची मर्यादाही आपोआप खाली येईल. नैतिक भार पलीकडे गेला आणि आपल्या डोक्यावर तातडीचं काहीच आलं नाही. आज भारताचं दरडोई कार्बन उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकेचं चौदा टनांच्या आसपास. वचन मोडण्याची वेळ अजून तरी आलेली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्रीनपीसच्या भारतातल्या शाखेने एक अहवाल काढला. भारतातले श्रीमंत गरिबांच्या आड लपत आहेत, असा त्याचा रोख होता. देशाची सरासरी कमी दिसते ती कोट्यवधी लोक जवळजवळ काहीच जाळत नाहीत म्हणून. वरच्या थरातल्या माणसाचं उत्सर्जन वेगळं काढलं तर चित्र पार बदलतं. अहवालावर थोडी चर्चा झाली आणि विषय मागे पडला. बाहेरच्या मंडळींच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं, अशी सरकारी गोटातली भावना असणार. ती अगदीच चुकीची होती असंही नाही. पाश्चात्त्य देशांचे वाटाघाटी करणारे असा धागा सापडला तर सोडत नाहीत. पण माणशी वाटणीचा विचार ज्या न्यायावर उभा होता त्याचीच ही पुढची पायरी होती, आणि ती चढायला आपण नकार दिला. भावकीत हक्काच्या वाटणीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस घरी येऊन बहिणींची नावं सातबाऱ्यावर लावायला मात्र विसरतो, त्यातलाच हा प्रकार.

गंमत अशी की ‘माणशी’ या मापाला पुढे बाहेरच्या कुणी धक्का दिला नाही. आपण स्वतःच ते बाजूला ठेवलं, तेही गाजावाजा न करता. ३ डिसेंबर २००९ रोजी, कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लोकसभेत जाहीर केलं की २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत अर्थव्यवस्थेची उत्सर्जन तीव्रता २० ते २५ टक्क्यांनी कमी करू. काही न मिळवता सवलत देऊन टाकली, अशी टीका विरोधी बाकांवरून झाली. माझ्या मते टीकेचा रोख चुकला. महत्त्वाचा होता तो मापातला बदल. तीव्रता म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या रुपयामागे किती कार्बन. हिशेबाच्या खालच्या ओळीतून माणूस गेला आणि तिथे रुपया आला. २०१५ च्या पॅरिस परिषदेआधी हाच आकडा २०३० साठी ३३ ते ३५ टक्के झाला, ऑगस्ट २०२२ मध्ये ४५ टक्के. मध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला २०७० पर्यंत निव्वळ शून्याची घोषणा झाली. २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटची देशी बाजारपेठ अधिसूचित झाली; तिथे माप आहे मालाच्या टनामागे किती कार्बन. सिमेंटचा टन मोजला जातो, ते सिमेंट कुणाच्या इमारतीत गेलं हे मोजण्याचं कारण नाही. कारखान्यांपुरतं ते ठीकच आहे. परदेशात मात्र भाषण अजून न्यायाचंच असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूला श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं आश्वासन दिलं, तेव्हा भरसभागृहात सर्वांत कडक हरकत भारताचीच होती, आणि ती रास्त होती.

देशांतर्गत वाटणीकडे पाहायचं तर चंद्रपूरला जावं. तिथलं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. तिथून निघालेली उच्चदाब एकदिश वीजवाहिनी साडेसातशे किलोमीटर तोडून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला उतरते; १९९९ पासून ती १५०० मेगावॉटपर्यंत वीज पश्चिमेकडे आणू शकते. कोळसा विदर्भातला, राख विदर्भात, पाणी विदर्भातलं, आणि उजेडाचा मोठा भाग मुंबई-ठाण्याच्या बाजूला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली तेव्हा अतिप्रदूषित ठिकाणांत चंद्रपूर वरच्या रांगेत होतं. आता जिल्हावार दरडोई उत्सर्जन काढा. चिमणी चंद्रपुरात आहे म्हणून चंद्रपूरकर कागदावर राज्यातले मोठे प्रदूषक ठरतील. १९९० मध्ये वॉशिंग्टनने आपल्याशी केलं, ते आपण आपल्याच एका जिल्ह्याशी करू. मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा आणला, देशाच्या वीस वर्षं आधी म्हणजे २०५० ला शून्य गाठण्याचं ठरवलं, याचं कौतुक व्हायलाच हवं. पण ते शून्य गाठताना पडघ्याच्या पलीकडच्या लोकांना काय मिळणार, हा प्रश्न महापालिकेच्या हद्दीबाहेरचा असल्याने तो कुणाचाच नसतो.

पैशाचा मार्गही तपासून पाहावा. २०१० च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला. २०१४ मध्ये १००, पुढच्या वर्षी २००, २०१६ मध्ये ४०० रुपये. पैसा स्वच्छ ऊर्जा निधीत जायचा होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांची महसुली तूट भरून देण्याच्या भरपाई उपकरात विरघळला. कोळशाचा पैसा हवामानासाठी, हे नातं तिथेच तुटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. सात वर्षांत जन्मलेली आणि मुरलेली एक चांगली कल्पना हिशेबाच्या वहीत हरवली, आणि तिच्यासाठी कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

धोरणात माणूस परत आला तो वेगळ्याच वेशात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केवडियाला पर्यावरणपूरक जीवनशैलीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्याआधी, २ ऑक्टोबर २०२० पासून, महाराष्ट्रात ‘माझी वसुंधरा’ आलं होतं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर ग्रामपंचायती आणि नगरपालिका गुण मिळवतात, बक्षिसं घेतात. गावोगाव त्यातून झाडं लागली, कचऱ्याचं वर्गीकरण सुरू झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुळात ज्या गावाने आभाळात फारसं काही सोडलेलंच नाही त्याने शपथ घ्यायची कशाची? अग्रवाल-नारायण यांच्या पुस्तिकेतल्या माणसाला हिस्सा होता. या मोहिमांतल्या माणसाला उपदेश आहे: नळ बंद करा, पिशवी कापडी वापरा. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात एक दार किलकिलं केलं. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये आहे, असं न्यायालय म्हणालं. हे म्हणताना त्याने सौरप्रकल्पांच्या तारा सरसकट जमिनीखालून नेण्याचा आपलाच २०२१ चा आदेश सैल केला. हक्क माणसाला मिळाला, भुर्दंड पक्ष्याच्या वाट्याला गेला.

हिस्सा देशाच्या आत मोजणं फार अवघड आहे, असं तज्ज्ञ मंडळी सांगतात. मला ते पटत नाही, कारण त्याची एक ओबडधोबड पट्टी दर महिन्याला आपल्या घरी येते. वीजबिलावरचा स्लॅब म्हणजे दुसरं काय? पहिली १०० युनिटं स्वस्त, पुढे ३०० पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. गरजेची वीज वेगळी आणि चैनीची वेगळी, हे तत्त्व महाराष्ट्राने कधीच मान्य केलेलं आहे. पट्टीत खोट आहेच. लोणावळ्यात वर्षभर कुलूपबंद असलेला सेकंड होम महिन्याला १०० युनिटांच्या आत राहतो आणि गरिबाच्या दरात वीज घेतो. तरी पट्टी आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशातल्या विजेचा कार्बन जाहीर करतं. तो युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम असतो, कारण क्षमतेत निम्मा वाटा अजीवाश्म इंधनांचा झाला तरी प्रत्यक्ष निर्मितीत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. आता चाळीतलं चौघांचं घर घ्या, महिन्याला ९० युनिटं. वर्षाचा हिशेब सुमारे ७५० किलो, माणशी दोनशे किलोही नाही. त्याच शहरात तीन एसींचा फ्लॅट, चौघंच माणसं, ९०० युनिटं. वर्षाला साडेसात टन, माणशी जवळपास दोन टन, म्हणजे देशाची अख्खी सरासरी नुसत्या विजेत संपली. मोटार आणि विमान अजून यायचंच आहे. छतावर सोलर बसवला तर हा आकडा उतरेल, सरकार त्याला अनुदानही देतं. मात्र त्यासाठी आधी स्वतःचं छत लागतं.

हे काढायला आयोग नेमावा लागत नाही. प्रत्येक मीटरचा आकडा वीज कंपन्यांच्या संगणकात पडून आहे, गुणाकार सातवीतल्या मुलाला येतो. स्लॅबवार उत्सर्जनाचा असा तक्ता दरवर्षी विधिमंडळाच्या पटलावर ठेवला, तर पहिली ओरड कुठल्या पिनकोडातून येईल हे मंत्रालयातही ठाऊक आहे आणि त्या पिनकोडातही.