काल संध्याकाळी काय ठाऊक होतं?

बोईसरमध्ये गाड्यांचं डिटेलिंग करणाऱ्या छोट्या दुकानाचा दिवस आदल्या रात्रीच ठरलेला असतो. सिरॅमिक कोटिंगची गाडी घेतली की धुणं, पॉलिश, कोटिंग आणि सुकवणं यात एक-दोन दिवस जातात. तेवढा वेळ त्या जागेत दुसरी गाडी उभी करता येत नाही. मदतीचा पोरगा रोजावर असतो. अशा वेळी ऐन सकाळी फोन येतो, ‘आज नाही जमणार हो, पुढच्या आठवड्यात बघू.’ गिऱ्हाईक खोटं बोलत असेलच असं नाही. तारापूर एमआयडीसीत प्लांट बंद पडला की सुट्टीवरच्या माणसालाही बोलावणं येतं. कधी घरात सुतक येतं. पण आलेल्या पोराचा रोज द्यायचा असतोच. तो कुणाच्या खिशातून जावा?

या प्रश्नावर आपल्याकडे फार पूर्वीच वाद घातला गेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या तिसऱ्या अधिकरणात मजुरांच्या वेतनाची चर्चा येते. मजूर हजर झाला आणि मालकानं काम दिलं नाही, तर काम झालंच असं धरावं, असं जुने आचार्य म्हणत. कौटिल्याला हे मान्य नाही. वेतन केलेल्या कामाचं, न केलेल्याचं नाही, असा त्याचा निकाल आहे. मात्र थोडं जरी काम करून घेतलं आणि मग थांबवलं, तर सगळं झालं असं समजावं, हेही तो लगेच जोडतो. त्याच्या हिशेबानं गाडी दुकानात आलीच नाही तर गिऱ्हाईक काही देणं लागत नाही, आणि फोम वॉश झाल्यावर गाडी परत नेली तर पूर्ण देणं लागतं.

हिशेब चोख आहे, पण वाया गेलेला दिवस त्यात कुठेच बसत नाही.

ज्यूंच्या तालमुदमध्ये तो दिवस मोजला आहे. ‘बावा मेत्सिया’ या भागात रावा या बॅबिलोनियातल्या पंडिताचा निवाडा आहे. शेत खणायला मजूर ठरवले आणि रात्री पावसानं शेत भरलं. मालकानं आदल्या संध्याकाळी शेत पाहून ठेवलं असेल, तर नुकसान मजुरांचं. पाहिलं नसेल तर मालकाचं, आणि त्यानं मजुरांना रिकाम्या बसणाऱ्या माणसाला परवडेल अशी कमी मजुरी द्यायची. पाऊस कुणाच्याच हातात नव्हता, शेत पाहणं मात्र मालकाच्या हातात होतं. रावा दोष शोधतो तो तिथे.

मग दिलेल्या शब्दाचं काय? महाभारताच्या कर्णपर्वात अर्जुन याच पेचात सापडतो. गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याला मारायचं, ही त्याची प्रतिज्ञा. आणि रागाच्या भरात तसं बोलून बसतो खुद्द युधिष्ठिर. कृष्ण अर्जुनाची तलवार थांबवतो, पण शब्द वाऱ्यावर सोडत नाही. थोरल्याचा अपमान म्हणजे त्याचा वधच, अशी तोड काढून तो प्रतिज्ञा फेडायला लावतो. शब्द अक्षरशः पाळणं अधर्म ठरत असेल तेव्हाही त्याची काही भरपाई करावी लागते, असा या कथेचा रोख दिसतो.

आजचा कायदाही मध्यममार्गी आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नुकसानीच्या मानानं अवाजवी दंड लादणारा करार अनुचित मानला आहे. म्हणजे ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ अशी पाटी लावून दुकानदार सुटत नाही.

त्याचीही परीक्षा होते, आणि ती दसऱ्याला. खंडेनवमीला घरोघरी गाड्यांची पूजा, त्यामुळे आदल्या दोन दिवसांत पालघर-बोईसरला धुलाईवाल्यांकडे रीघ लागते. मोठ्या गाडीचं काम आलं म्हणून आधी वेळ दिलेल्या रिक्षावाल्याला ‘उद्या या’ म्हणणारा दुकानदार तोच अपराध करतो. रिक्षावाल्याचाही दिवसाचा धंदा बुडतो, आणि त्याला तर कुणी ॲडव्हान्सही दिलेला नसतो.

दोघांनाही लावता येईल अशी कसोटी रावाच्या निवाड्यात आहे: आदल्या संध्याकाळी काय ठाऊक होतं? रात्री घरात मृत्यू झाला, पहाटे कंपनीचा फोन आला, तर ॲडव्हान्स परत करावा किंवा पुढच्या तारखेला वळता करावा. लग्नाला जायचं चार दिवसांपूर्वीच ठरलं होतं आणि कळवलं मात्र सकाळी, तर त्या दिवसाचा रोज गिऱ्हाइकानं सोसावा. कोटिंगचे पूर्ण पैसे मात्र त्याच्याकडून मागू नयेत. दुकानदारानं वेळ फिरवली तर त्यानंही तेवढीच सूट द्यावी. हा नियम बुकिंग घेतानाच तोंडी सांगावा. आणि गिऱ्हाइकानं, जमणार नाही असं वाटू लागताच, त्याच संध्याकाळी एक फोन करावा.